एडीएचडी : महाविद्यालयीन सवलती (अमेरिका)

अवधान टिकवण्यातील अडचण, अतिचंचलता व उतावळेपणा ही लक्षणे असलेल्या विद्यार्थ्यांना अमेरिकन महाविद्यालयांत मिळणाऱ्या शैक्षणिक सवलती. त्यांना मुख्य आधार १९७३ च्या पुनर्वसन कायद्यातील कलम ५०४ व १९९० च्या अपंगत्वविषयक कायद्याचा. २००८ च्या दुरुस्तीने एकाग्रता व विचार करणे ही जीवनातील प्रमुख कार्ये असल्याचे कायद्यातच नमूद झाले.

शालेय वयात अशी मुले हुडकण्याची जबाबदारी शासकीय शाळायंत्रणेवर असते; महाविद्यालयात विद्यार्थ्यानेच पुढे व्हावे लागते. शाळेतला वैयक्तिक शिक्षण आराखडा तेथे लागू होत नाही आणि पालकांनी फोन करूनही भागत नाही. विसरणे आणि लांबणीवर टाकणे हेच ज्याचे दुखणे, त्यालाच अर्ज, तज्ज्ञाचा अहवाल आणि मुदती सांभाळाव्या लागतात. या व्यवस्थेतील ही मोठी विसंगती. अपंगत्व सेवा कार्यालय कागदपत्रे पाहून प्राध्यापकांसाठी पत्र देते. त्यात सवलतींचा उल्लेख असतो, निदानाचा सहसा नसतो. परीक्षेला दीडपट वेळ, कमी गजबजीची खोली, व्याख्यानांचे ध्वनिमुद्रण, टिपणांसाठी मदत या नेहमीच्या सवलती. मंजुरी सहसा पूर्वलक्षी नसते : नापास झाल्यावर आणलेल्या पत्राने जुने गुण बदलत नाहीत. अभ्यासक्रमाचा मूळ दर्जा शिथिल करण्याचे बंधनही महाविद्यालयावर नाही.

भारतात २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत अध्ययन अक्षमता आहे, एडीएचडी स्वतंत्रपणे नाही.