दम्याचा पंप आणि एका मुलीचा प्रश्न

दम्याच्या पंपाचा इतिहास एका मुलीच्या प्रश्नापासून सुरू होतो. १९५५ साली अमेरिकेत एका औषध कंपनीच्या प्रमुखाला त्याच्या १३ वर्षांच्या दमेकरी लेकीने विचारले, ‘केसांच्या फवाऱ्यासारखे माझे औषध डबीत का मिळत नाही?’ १९५६ साली पंप बाजारात आला.

प्रश्नाची ही ताकद आपल्या जिल्ह्यातल्या जामखेडनेही पाहिली. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे तिथे आले. त्यांच्या प्रकल्पात निरक्षर बायाही विचारत, बोलत आरोग्यसेविका झाल्या.

आज मुलांच्या हाती मोबाइल आहे. त्यावरून दम्याचे धडे द्या, पण नुसते ऐकवू नका. बरे वाटले की रोजचा पंप सोडायचा का, वर्गात घ्यायला लाज वाटते तर काय करायचे, हे त्यांना विचारू द्या. न विचारलेला प्रश्न श्वासावर बेततो.