मायकन, जॉर्ज लॉरेन्स
(१८ जून १९२४ – १ जून २००५). प्रख्यात अमेरिकन व्यावसायिक बास्केटबॉल खेळाडू. ‘सेंटर’ या जागेवर खेळणाऱ्या उंच खेळाडूचे महत्त्व त्याच्या खेळामुळे प्रथम सिद्ध झाले आणि त्याला आवर घालण्यासाठी खेळाचे काही नियमही बदलावे लागले. त्याचा जन्म इलिनॉय राज्यातील जोलिएट येथे क्रोएशियन वंशाच्या कुटुंबात झाला. धर्मगुरू होण्याच्या उद्देशाने त्याने काही काळ शिक्षण घेतले. पुढे शिकागोच्या डी पॉल विद्यापीठात प्रवेश घेऊन तेथेच तो कायद्याचाही पदवीधर झाला.

सु. २०८ सेंमी. (६ फुट १० इंच) उंचीचा आणि जाड भिंगांचा चष्मा वापरणारा हा तरुण प्रारंभी हालचालींत बोजड होता. एवढ्या उंच माणसाला चपळ खेळ जमणार नाही, असा त्या काळी सार्वत्रिक समज होता. डी पॉलचे प्रशिक्षक रे मायर यांनी मात्र दोरीवरच्या उड्या, मुष्टियुद्धाचा सराव, नृत्याचे धडे अशा उपायांनी त्याच्या पायांत चपळता आणली. बास्केटखाली उभे राहून उजव्या व डाव्या हाताने आळीपाळीने चेंडू टाकण्याचा त्याचा सराव पुढे ‘मायकन ड्रिल’ या नावाने रूढ झाला. प्रतिपक्षाचा बास्केटकडे उतरणारा चेंडू तो वरच्यावर अडवी. यामुळे १९४४ मध्ये महाविद्यालयीन स्पर्धांत या कृतीस बंदी घालण्यात आली.

१९४६ मध्ये शिकागो अमेरिकन गिअर्स या संघातून त्याने व्यावसायिक क्षेत्रात पदार्पण केले. तो संघ बंद पडल्यावर १९४७ मध्ये तो मिनीॲपोलिस लेकर्सकडे आला. १९४७ ते १९५४ या आठ वर्षांत त्याच्या संघांनी सात अजिंक्यपदे मिळविली : नॅशनल बास्केटबॉल लीगमध्ये दोन (१९४७, १९४८), बास्केटबॉल असोसिएशन ऑफ अमेरिकामध्ये एक (१९४९) आणि या दोन संघटनांच्या एकीकरणातून १९४९ मध्ये निर्माण झालेल्या नॅशनल बास्केटबॉल असोसिएशनमध्ये चार (१९५०, १९५२, १९५३, १९५४). १९५० मध्ये असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने घेतलेल्या मतगणनेत शतकाच्या पूर्वार्धातील सर्वश्रेष्ठ बास्केटबॉलपटू म्हणून त्याची निवड झाली.

२२ नोव्हेंबर १९५० रोजी फोर्ट वेन पिस्टन्स संघाने त्याला निष्प्रभ करण्यासाठी चेंडू आपल्याकडेच राखण्याचा डाव खेळून लेकर्सवर १९–१८ असा विजय मिळविला. लेकर्सच्या १८ गुणांपैकी १५ एकट्या मायकनचे होते. असोसिएशनच्या इतिहासातील ही नीचतम धावती गुणसंख्या कंटाळवाण्या खेळाचे उदाहरण ठरली आणि अशा खेळाला पायबंद घालण्यासाठी १९५४ पासून चोवीस सेकंदांत चेंडू बास्केटकडे टाकण्याचे बंधन आले. तत्पूर्वी १९५१ मध्ये, आक्रमक खेळाडूस तीन सेकंदांहून अधिक थांबता येत नाही अशा बास्केटसमोरील क्षेत्राची रुंदी ६ फुटांवरून १२ फुट करण्यात आली होती. नव्या मर्यादेतही त्याचा प्रभाव टिकून राहिला.

१९५४ मध्ये तो निवृत्त झाला. १९५५-५६ च्या हंगामातील त्याचे पुनरागमन अल्पकालीन ठरले. ४३९ सामन्यांत त्याने १०,१५६ गुण नोंदविले. १९५९ मध्ये बास्केटबॉलच्या कीर्तिमंदिरात त्याचा समावेश झाला. त्याने वकिली केली. १९६७ मध्ये अमेरिकन बास्केटबॉल असोसिएशनचा पहिला आयुक्त या नात्याने त्याने लाल-पांढरा-निळा चेंडू व दुरून केलेल्या गोलास तीन गुण देण्याची पद्धत अवलंबिली. नॅशनल बास्केटबॉल असोसिएशननेही हा तीन गुणांचा नियम १९७९ मध्ये स्वीकारला.

उत्तरायुष्यात मधुमेहामुळे त्याचा एक पाय कापावा लागला. १९६५ पूर्वी निवृत्त झालेल्या खेळाडूंना मिळणारे निवृत्तिवेतन तुटपुंजे होते. ज्यांनी या व्यवसायाचा पाया घातला, त्यांनाच त्याच्या भरभराटीचा वाटा मिळाला नाही. या अन्यायाविरुद्ध त्याने अखेरपर्यंत प्रयत्न केले. ॲरिझोना राज्यातील स्कॉट्सडेल येथे त्याचे निधन झाले. त्याच्या अंत्यविधीचा खर्च शकील ओनील या पुढील पिढीतील सेंटरने केला. जुन्या खेळाडूंच्या निवृत्तिवेतनात वाढ झाली ती त्याच्या मृत्यूनंतर.