सॅचेल पेज : बेचाळिसाव्या वर्षीचा ‘नवोदित’

वर्गात ‘गुणवत्ता’ या शब्दावरून वाद पेटला. एक विद्यार्थी म्हणाला, “सर, खेळात तरी जात नाही. चेंडूला काय कळतंय कोण टाकतोय ते!” तेव्हा मी त्याला सॅचेल पेज सांगितला.

पेज १९०६ साली अलाबामातल्या मोबिल शहरात जन्मला. स्टेशनवर प्रवाशांच्या पिशव्या वाहायचा, म्हणून ‘सॅचेल’, असे सांगतात. किरकोळ चोरीपायी १९१८ मध्ये त्याला माउंट मेग्जच्या सुधारगृहात टाकले. पाच वर्षे. पिचिंग तो तिथे शिकला.

१९२६ पासून तो काळ्यांच्या संघांतून खेळू लागला. मेजर लीगची दारे काळ्यांना बंद होती. मात्र तसा नियम कुठेच लिहिलेला नव्हता. मालकांची आपसातली समजूत, एवढेच. लिहिलेली स्मृती महाडला जाळता आली. न लिहिलेली कशी जाळायची? हॉटेलात खोली मिळत नसे, तेव्हा काळे खेळाडू बसमध्येच झोपत. मोसम संपला की डिझी डीन, बॉब फेलर अशा नामवंत गोऱ्यांच्या संघांशी पेजचे सामने लागत, तिकिटे खपत. म्हणजे त्याच्याशी खेळलेले चालत होते. जिथे खेळाची अधिकृत नोंद होते तिथे तो नको होता. आपले पालवणकर बाळूही हिंदू संघाला गोलंदाज म्हणून हवे होते, चहा मात्र पॅव्हेलियनबाहेर.

१९४७ मध्ये जॅकी रॉबिन्सनला घेतले. पहिला मान आपला नव्हे, हे पेजच्या जिव्हारी लागले. ७ जुलै १९४८ रोजी, बेचाळिसाव्या वाढदिवशी, क्लीव्हलँडने त्याच्याशी करार केला. त्या मोसमात सहा विजय, एक पराभव. त्याला पाहायला ७० हजारांवर लोक लोटले आणि संघ जगज्जेता झाला. कागदोपत्री तो ‘नवोदित’!

वय विचारले की तो दरवेळी नवीनच सांगे. पत्रकारांना त्याची गंमत वाटे. मला नाही वाटत. माझ्या वडिलांची जन्मतारीख १ जून आहे, गुरुजींनी अंदाजाने टाकलेली. १९६५ मध्ये, ५९ व्या वर्षी, पेजने बोस्टनविरुद्ध तीन डाव टाकले, एक धाव दिली नाही.

१९७१ मध्ये हॉल ऑफ फेमने त्याला घ्यायचे ठरवले, ते आधी वेगळ्या दालनात. मेल्यावरही वेगळे मसणवटे ठेवणाऱ्यांच्या देशात हे समजावून सांगावे लागत नाही. ओरड झाली, तेव्हा बरोबरीची जागा मिळाली.

विद्यार्थ्याने विचारले, “सर, ऐन तारुण्यातल्या त्याच्या खेळाची नोंद?” २०२० मध्ये मेजर लीगने १९२० ते १९४८ च्या निग्रो लीगना बरोबरीचा दर्जा दिला, २०२४ मध्ये आकडे एकत्र केले. पेज १९८२ मध्येच वारला होता. गावोगाव बसने फिरून खेळलेले सामने अजूनही त्या आकड्यांत नाहीत.