त्रिनिदादचा विंचू आणि महाडचा विंचू

तुमच्या मित्रमंडळात एखादा डॉक्टर असेलच. त्याला सहज विचारा, "स्वादुपिंडाला अचानक सूज का येते रे?" तो क्षणभर छताकडे बघेल आणि मग पुटपुटायला लागेल, "गेट स्मॅश्ड..." घाबरू नका, तो शिवी देत नाहीये. मेडिकलची मुलं पचनसंस्थेचे आजार पाठ करताना ज्या युक्त्या वापरतात, त्यातली ही सर्वात लोकप्रिय. एकेका अक्षरामागे एकेक कारण: पित्तखडे, दारू, मार लागणं, स्टेरॉइड्स, गालगुंड वगैरे. आणि यातल्या दुसऱ्या 'एस'चा अर्थ? स्कॉर्पियन. विंचू!

आता हा विंचू पचनसंस्थेच्या धड्यात घुसला कुठून? तर त्रिनिदादहून. हो, ब्रायन लाराचं त्रिनिदाद. तिथले डॉक्टर कोर्टनी बार्थोलोम्यू यांनी १९७० साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक निबंध छापला. विंचू चावलेले ३० रुग्ण त्यांनी तपासले, तर त्यातल्या २४ जणांच्या स्वादुपिंडाला सूज! तिथला विंचू म्हणजे टिटियस ट्रिनिटाटिस. त्याच्या विषाने मज्जातंतू पिसाळल्यासारखे संदेश पाठवत सुटतात. स्वादुपिंड भराभर पाचकरस तयार करतं, पण बाहेर जायचं दार आवळलेलं असतं. मग अन्न पचवणारा रस स्वादुपिंडालाच पचवायला लागतो. एवढी नाट्यमय गोष्ट कोण विसरेल? ती पुस्तकात गेली, पाठांतरात गेली आणि जगभरच्या मुलांच्या तोंडी बसली.

आता नकाशा बदलू. रायगड जिल्ह्याचा आतला भाग, सावित्रीच्या काठचं महाड, आणि त्याच्या पुढे आंबेनळी घाटाच्या पायथ्याला पोलादपूर. मुंबई-गोवा हायवेने जाताना आपण इथे चहा घेतो आणि पुढे सुटतो. पण हायवे सोडून आत वळलं की जांभा दगड, पेंढ्याच्या उडव्या, लाकडांच्या मोळ्या, आणि त्यांच्या आडोशाला लाल विंचू. १९७६ साली हिम्मतराव बावस्कर नावाचे तरुण डॉक्टर महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. जालना जिल्ह्यातल्या खेड्यातून आलेले, नागपूरला एमबीबीएस केलेले. त्यांच्यापुढे विंचूदंशाचे जे रुग्ण यायचे त्यांचं काही वेगळंच चाललेलं असायचं. आधी उलट्या, तोंडाला लाळ, घामाने अंग चिंब, हातपाय गार. मग छातीत धडधड, रक्तदाब वर, काही तासांनी धाप, तोंडातून गुलाबी फेस. आणि मृत्यू. त्यात लहान मुलंही असायची.

म्हणजे सुरुवात पोटापासून, पण शेवट हृदयात आणि फुप्फुसात!

इथे खरी गोम आहे. उलटी हे लक्षण मेडिकलच्या पुस्तकात 'पचनसंस्था' या खणात ठेवलेलं असतं. विद्यार्थी तो खण उघडतो, उलटीचं इंजेक्शन काढतो, सलाईन लावतो. पण ज्याच्या फुप्फुसात पाणी साचायला लागलंय, त्याला वरून बेहिशेबी सलाईन चढवलं तर काय होईल? आपल्या धंद्यातलं उदाहरण द्यायचं तर, एरर स्क्रीनवर दिसते म्हणून कोणी मॉनिटर दुरुस्त करत नाही.

बावस्करांनी काय केलं? ते रुग्णाच्या उशाशी बसले. रात्र रात्र. दर थोड्या वेळाने नाडी, रक्तदाब, हातपायांचा गारवा, सगळं वहीत टिपून ठेवलं. त्यातून १९८२ साली लॅन्सेटमध्ये त्यांचा निबंध आला: लाल विंचवाच्या दंशात हृदयावर हल्ला होणार आहे हे आधीच सांगणारी लक्षणं कोणती. त्यात उलटी आणि घाम होते. म्हणजे उलटी हा पोटाचा आजार नाही, ती हृदयाची आगाऊ सूचना आहे. पुढे १९८६ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या डॉक्टर पत्नी प्रमोदिनी यांनी लॅन्सेटमध्येच प्राझोसिनबद्दल लिहिलं. रक्तदाबाची साधी, स्वस्त गोळी. विषामुळे आवळलेल्या रक्तवाहिन्या ती सैल करते आणि हृदयावरचा भार उतरतो. तीव्र विषबाधेत पूर्वी शंभरातले तीसेक रुग्ण दगावत, ते प्रमाण एखाद टक्क्यावर आलं. २०११ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये (हो, त्रिनिदादचा निबंध छापणारं तेच!) महाडच्या ७० रुग्णांची चाचणी प्रसिद्ध झाली. प्राझोसिनसोबत प्रतिविष दिलेल्या ३५ पैकी ३२ जण दहा तासांत पूर्ण बरे, नुसत्या प्राझोसिनवर ३५ पैकी ८. २०२२ साली बावस्करांना पद्मश्री मिळाली.

गंमत बघा. दोन्ही विंचवांचं विष मुळात मज्जातंतूंशीच खेळतं. लाळ, उलटी ही सुरुवातही सारखीच. पण त्रिनिदादमध्ये घाव मुख्यतः स्वादुपिंडावर बसतो आणि कोकणात हृदयावर. अवयव वेगळे, वायरिंग एकच. पचनसंस्था शिकवताना जठर, यकृत, आतडी अशी चित्रं रंगवून घेतात, पण त्या सगळ्यांना हुकूम सोडणारी ही वायरिंग मात्र फिजिऑलॉजीच्या वेगळ्या धड्यात पडून राहते. २०१९ पासून एमबीबीएसचा अभ्यासक्रम बदलला. विषय एकमेकांशी जोडून शिकवायचे आणि पहिल्या वर्षापासूनच विद्यार्थ्याला रुग्ण दाखवायचा, असं त्यात आहे. चांगलंच आहे. पण कुठला रुग्ण दाखवणार, हा प्रश्न उरतोच.

पाठांतराला माझा विरोध नाही. रात्री तीन वाजता कॅज्युअल्टीत उभ्या असलेल्या पोराला पुस्तक उघडायला वेळ नसतो, तिथे 'गेट स्मॅश्ड'च कामाला येतं. फक्त त्या 'एस'पुढे एक टीप हवी: हा विंचू त्रिनिदादचा आहे, आपल्याकडचा आधी छातीवर जातो, तेव्हा उलटी दिसली की हातपाय चाचपून बघा.

एवढ्या एका ओळीसाठी एका डॉक्टरला बिरवाडीत रात्री जागवाव्या लागल्या. निदान ती शिकवली तरी जावी.