डाऊनलोडच्या दुकानाची नक्कल झाली तर...

जालना ही बियाण्यांची बाजारपेठ. नामांकित कंपनीच्या पाकिटाची हुबेहूब नक्कल करून आत भलतेच बी भरण्याचा प्रकार या व्यापाराला नवा नाही. तेथे फसवणूक उघडकीस येते, कारण पेरलेले उगवत नाही आणि शेतकरी दुकानदाराच्या दारात येऊन उभा राहतो. संगणकाच्या दुकानातील नक्कल याच्या नेमकी उलट असते. चोरलेली फाईल मुळाइतकीच चांगली चालते, ग्राहकाची तक्रार नसते आणि नुकसान होते ते केवळ ज्याने ती तयार केली त्याचे.

अंबड किंवा परतूर येथील एखाद्या शिक्षकाने स्पर्धा परीक्षेचा प्रश्नसंच तयार करून तो स्वतःच्या संकेतस्थळावर ९९ रुपयांना डाऊनलोडसाठी ठेवला, असे समजा. काही दिवसांनी दुसऱ्याच एका संकेतस्थळावर तेच वर्णन, तीच नमुना पाने, तेच मुखपृष्ठ दिसते आणि किंमत असते २९ रुपये. अशा वेळी कायदा काय सांगतो आणि पावले कोणत्या क्रमाने उचलावीत, याची ही माहिती.

नेमके काय चोरले गेले?

पहिले काम म्हणजे चोरीचा प्रकार ठरवणे, कारण उपाय त्यावर अवलंबून असतो. केवळ पानावरील मजकूर व चित्रे उचलली असतील, तर तो स्वामित्व हक्काचा भंग. मूळ फाईलच विकली किंवा फुकट वाटली जात असेल, तर तोच भंग अधिक गंभीर स्वरूपाचा. आपले नाव वा बोधचिन्ह वापरून ‘आम्हीच ते’ असे भासवले जात असेल, तर व्यापारचिन्हाचा आणि तोतयेगिरीचाही प्रश्न येतो. पैसे घेऊन फाईलच दिली जात नसेल, तर ती ग्राहकांची सरळ फसवणूक आहे.

प्रत्येक साम्य म्हणजे चोरी नव्हे. कायदा कल्पनेला नव्हे, तर तिच्या मांडणीला संरक्षण देतो, हे सर्वोच्च न्यायालयाने आर. जी. आनंद खटल्यात १९७८ साली स्पष्ट केले. प्रश्नसंच विकण्याची कल्पना, किंमत, ‘खरेदी करा’ हे बटण यांवर कोणाची मालकी नाही. नुसते कष्टही पुरत नाहीत. निर्मितीत थोडी तरी स्वतःची बुद्धी दिसावी लागते, असे त्याच न्यायालयाने ईस्टर्न बुक कंपनीच्या खटल्यात डिसेंबर २००७ मध्ये म्हटले.

जिल्ह्यातलेच उदाहरण घेऊ. समर्थ रामदासांचे जन्मगाव जांब हे घनसावंगी तालुक्यातले. ‘मनाचे श्लोक’ कोणीही छापावेत वा विकावेत. लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षांनी साहित्यकृती सर्वांची होते. परंतु त्या श्लोकांचा आपण लिहिलेला अर्थ, आपण तयार केलेले ध्वनिमुद्रण व काढून घेतलेली चित्रे यांना संरक्षण आहे. तक्रारीत मूळ श्लोकांवरही हक्क सांगितला, तर तक्रारच दुबळी होते.

मालक कोण, हेही तपासावे. मुखपृष्ठ बाहेरच्या चित्रकाराकडून करून घेतले असेल, तर हक्क लेखी हस्तांतरित झाले आहेत का, ते पाहावे. हस्तांतरपत्रात मुदत लिहिलेली नसेल, तर कायदा ती पाच वर्षे धरतो आणि क्षेत्र लिहिलेले नसेल, तर केवळ भारत.

आधी पुरावा, मग पत्र

संतापाच्या भरात नक्कल करणाऱ्याला पहिले पत्र धाडणे ही नेहमीची चूक. तो पान काढून टाकतो, पुरावा जातो आणि आठवड्याने तेच पान दुसऱ्या पत्त्यावर उभे राहते. म्हणून प्रथम संपूर्ण पानाची पडद्यावरील छायाचित्रे घ्यावीत; त्यात पत्ता, तारीख व वेळ दिसावी. ‘वेबॅक मशीन’ या सार्वजनिक संग्रहात ते पान जतन करावे. तेथून एक प्रत स्वतः विकत घ्यावी आणि पावती जपावी, म्हणजे पैसे कोणाच्या खात्यात जातात याचाही माग लागतो. आपली मूळ फाईल, तिचे कच्चे खर्डे व पहिल्या विक्रीच्या नोंदी एकत्र ठेवाव्यात.

१ जुलै २०२४ पासून पुरावा कायद्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमाने घेतली आहे. त्याच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत ठरावीक नमुन्यातील प्रमाणपत्र द्यावे लागते व त्यात फाईलचे ‘हॅश’ मूल्य, म्हणजे तिचा अंकी ठसा, नोंदवावा लागतो. जतन करतानाच तो काढून ठेवलेला बरा.

पान खाली कसे उतरवावे?

नक्कल करणारा अज्ञात असला, तरी त्याला जागा देणारी कंपनी सहसा शोधता येते. संकेतस्थळाच्या नोंदणीची माहिती ‘हू इज’ सेवेवर पाहता येते. मालकाचे नाव अलीकडे बहुधा झाकलेले असते. नोंदणी करणाऱ्या कंपनीचा तक्रारीचा पत्ता मात्र मिळतो.

कंपनी अमेरिकेतील असेल, तर तेथील १९९८ च्या ‘डीएमसीए’ कायद्याखाली सूचना पाठवावी. त्यासाठी भारतातून वकील देण्याची वा नोंदणीची गरज नाही. मूळ पानाचा पत्ता, नकलेचा पत्ता, आपले नाव व संपर्क, सद्भावनेचे निवेदन आणि सही सूचनेत असावी लागते. गूगललाही अशी सूचना देता येते. त्यामुळे मूळ पान नष्ट होत नाही, पण शोधात दिसेनासे होते.

भारतात स्वामित्व हक्क कायद्याचे कलम ५२ (१) (क) आणि २०१३ च्या नियमांतील नियम ७५ उपयोगी पडतात. रीतसर लेखी तक्रार मिळाल्यावर मध्यस्थाने ३६ तासांत त्या मजकुराची वाट बंद करावयाची असते. ती २१ दिवस बंद राहते. तेवढ्यात न्यायालयाचा आदेश सादर झाला नाही, तर पुन्हा खुली होऊ शकते. दावा लावण्याची हमी तक्रारीतच द्यावी लागत असल्याने हा मार्ग तयारीनिशीच धरावा. याखेरीज माहिती तंत्रज्ञान नियम, २०२१ नुसार प्रत्येक मध्यस्थाकडे तक्रार अधिकारी असणे बंधनकारक आहे. त्याने दाद न दिल्यास ३० दिवसांत तक्रार अपील समितीकडे जाता येते. पैसे स्वीकारणाऱ्या पेमेंट कंपनीलाही कळवावे. कमाईची नळी बंद झाली की दुकान टिकत नाही.

टेलिग्रामवरील वाहिन्यांचा त्रास शिकवणी घेणाऱ्यांना विशेष होतो. स्पर्धा परीक्षांच्या शिक्षिका नीतू सिंग यांच्या दाव्यात दिल्ली उच्च न्यायालयाने ३० ऑगस्ट २०२२ रोजी, चोरीचे अभ्यास साहित्य वाटणाऱ्या वाहिन्यांच्या चालकांची माहिती देण्याचा आदेश टेलिग्रामला दिला. आपले सर्व्हर परदेशात असल्याचे कंपनीचे म्हणणे न्यायालयाने मानले नाही.

न्यायालय आणि पोलीस

स्वामित्व हक्क निर्मितीबरोबरच मिळतो. नोंदणी सक्तीची नाही. तथापि नोंदणी प्रमाणपत्र हा न्यायालयात प्रथमदर्शनी पुरावा ठरतो. साहित्यकृतीसाठी शुल्क ५०० रुपये असून अर्ज ऑनलाइन करता येतो; हरकतींसाठी ३० दिवस थांबावे लागते.

नक्कल करणारा दिल्लीत असो वा चेन्नईत, कलम ६२ मुळे वादी आपण राहतो वा व्यवसाय करतो त्या ठिकाणच्या जिल्हा न्यायालयात दावा दाखल करू शकतो. म्हणजे भोकरदनच्या माणसाला जालन्याचे जिल्हा न्यायालय पुरते. मनाई हुकूम, नुकसानभरपाई आणि नफ्याचा हिशेब मागता येतो. भरपाईच्या दाव्याची मुदत भंगापासून तीन वर्षांची आहे.

जाणूनबुजून केलेला भंग हा गुन्हाही आहे. कलम ६३ नुसार सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. हा गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र असल्याचा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये निट प्रो प्रकरणात दिला. फाईलवरील आपले नाव व हक्काची सूचना जाणूनबुजून पुसून ती विकणे हा कलम ६५ ब खाली वेगळा गुन्हा आहे. ग्राहकांची आर्थिक फसवणूक होत असेल, तर त्यांना १९३० या क्रमांकावर लगेच तक्रार करण्यास सांगावे.

खोटी वा पोकळ धमकी मात्र अंगाशी येते. निराधार कारवाईच्या धमक्या देणाऱ्याविरुद्ध कलम ६० खाली उलट दावा करता येतो.

पुढील खबरदारी

चोरी पूर्णपणे थांबवणे कोणालाच साधलेले नाही. ती महाग करणे मात्र हाती आहे. प्रत्येक प्रतीवर खरेदीदाराचे नाव व मागणी क्रमांक आपोआप उमटवावा, म्हणजे प्रत कोणाकडून फुटली ते कळते. डाऊनलोडचा दुवा ठरावीक वेळेनंतर बंद होईल असे करावे. विकत घेणाऱ्याला पुढील सुधारित आवृत्ती विनामूल्य द्यावी व शंकांना उत्तर द्यावे. फाईलची नक्कल एका क्षणात होते. चुकीचे उत्तर दुरुस्त करून देणारा शिक्षक नकलेबरोबर येत नाही, आणि हे ग्राहकाला माहीत असणे हाच २९ रुपयांच्या दुकानावरचा सर्वांत टिकाऊ उपाय आहे.