बंद दिव्याचं बिल

आज थोडा इतिहास, थोडं गणित. सुरुवात मात्र आमच्या सावनेरच्या घरातून.

दिवाळीला घरी गेलो तेव्हा हौसेनं चार वायफाय बल्ब लावले. पुण्यात बसून फोनवरून घरचे दिवे बंद करायचे, वीज वाचवायची, असा प्लॅन! बाबांची उमर कोळसा खाणीत गेली. त्यांनी एकच विचारलं, "बंद दिवा तुह्या फोनचं आयकते कसा? म्हणजे जागाच हाय ना तो?"

बी.टेक. असूनही मला कॅल्क्युलेटर काढावा लागला. ९ वॅटचा बल्ब रोज एक तास लावला, तर खर्च ९ वॅट-तास. उरलेले २३ तास तो वायफायकडे कान टवकारून बसतो. त्याला अर्धा वॅट लागतो असं धरा. झाले साडेअकरा! म्हणजे उजेडापेक्षा वाट बघणंच महाग.

हे दुखणं जुनं आहे. रिमोटवर चालणारा टीव्ही बंद दिसतो, पण रिमोटची वाट बघत असतो. १९९९ मध्ये आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेनं आग्रह धरला की अशा उपकरणानं थांबलेलं असताना एका वॅटपेक्षा जास्त खाऊ नये. युरोपनं २०१० पासून तसा नियमच लागू केला आणि २०१३ मध्ये अनेक उपकरणांसाठी मर्यादा अर्ध्या वॅटवर आणली.

पण वायरलेस उपकरण पूर्ण झोपलं, तर हाक कशी ऐकणार? इंजिनियरांनी उत्तर शोधलं: डुलक्या घ्या. २००४ चं झिगबी आणि २०१० मध्ये आलेलं कमी ऊर्जेचं ब्लूटूथ याच युक्तीवर चालतात. सेन्सर क्षणभर जागा होतो, निरोप देतो, पुन्हा झोपतो. म्हणून छोट्याशा सेलवर तो कितीतरी महिने टिकतो. वायफाय ६ मध्ये तर राउटर आणि उपकरण जागं व्हायची वेळच ठरवून घेऊ शकतात. दूधवाला सहाला येतो हे माहीत असलं, की रात्रभर दारात कोण उभं राहील?

मग स्मार्ट वस्तू घ्यायच्याच नाहीत का? तसं नाही. आपल्या महाराष्ट्रातलंच उदाहरण घ्या. आयआयटी मुंबईत शिकलेल्या तरुणांनी २०१२ मध्ये अ‍ॅटमबर्ग सुरू केली. साधा पंखा ७५ वॅट घेतो, त्यांचा बीएलडीसी मोटरचा पंखा साधारण २८. दहा तासांत ४७० वॅट-तास वाचले! त्यापुढे रिमोटचं जागरण किरकोळ. पण इथे बचत मोटर करते, रिमोट नाही. एलईडी आधीच काटकसरी, त्याला जागं ठेवलं की कमाई गेली.

आमच्या सावनेर तालुक्यातच १३४० मेगावॅटचं खापरखेडा वीज केंद्र आहे. वर्षभर सतत एक वॅट म्हणजे पावणेनऊ युनिट. एका युनिटला साधारण ७०० ग्रॅम कोळसा धरला, तर सहा किलो. घरात अशा दहा वस्तू असल्या, तर साठ किलो. हा कोळसा कोणीतरी जमिनीखाली उतरून काढतो. आमच्या घरात तो बाबांनी काढला.

तीन बल्ब मी काढले. अंगणातला ठेवला, तो रात्रभर लागतोच. बाकीचे दिवे बाबा झोपायला जाताना बटणानं बंद करतात.

आज रात्री तुमच्या घरात किती वस्तू जाग्या आहेत, मोजा आणि मला कळवा. भेटू पुढच्या भागात!