फुकट नंबर, बिल दुकानदाराला

फुकटात माहिती काढायची सवय आपल्याला गूगलने लावली म्हणतात. मला काही पटत नाही. मुंबईच्या उपनगरांत ती नेटच्याही आधीची, साध्या लँडलाईनवरची! १९८९ मध्ये व्ही. एस. एस. मणींनी 'आस्कमी' काढून पाहिलं, पण तेव्हा फोनच मोजक्या घरांत. चाललं नाही. १९९६ मध्ये ५०,००० रुपयांत त्यांनी जस्ट डायल सुरू केलं. नंबर ८८८-८८८८. एकदा ऐकला की डोक्यात बसलाच.

बोरिवलीत प्लंबर हवाय? फोन फिरवा, पलीकडून नावं-नंबर सांगणार, शुल्क शून्य. मग पैसे कोण देणार? अर्थात प्लंबर! यादीत नाव फुकट. पण आधी सांगायला हवं असेल तर पैसे मोजा. गूगलचं अ‍ॅडवर्ड्स आलं २००० साली, म्हणजे मालाडच्या या कंपनीनंतर. असो.

२००७ मध्ये वेबसाईट आली, २०१३ मध्ये आयपीओ. २०२१ मध्ये रिलायन्स रिटेलने ४०.९५ टक्के हिस्सा ३,४९७ कोटींना घेण्याचा करार केला आणि ताबा मिळवला. खरा माल म्हणजे ती यादीच. त्यात कोपऱ्यावरचा किराणावालाही आहे, आणि रिलायन्स किराणाही विकते.